फोन कोणी उचलायचा?

परदेशातल्या ज्या प्रकल्पावर मी सहा वर्षे काम केले, तिथे रुजू झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी माझ्यापुढे दोन पानांचा एक अर्ज ठेवण्यात आला. उंची, रक्तगट, नेहमीची औषधे, चष्म्याचा नंबर, अंगावरच्या खुणा, हस्ताक्षराचा नमुना, समोरून आणि बाजूने काढलेली छायाचित्रे, इथपर्यंत मला त्यात काही वावगे वाटले नाही. दुसऱ्या पानावर मात्र तीन प्रश्न आणि त्यांची उत्तरे मी स्वतःच लिहायची होती. अट अशी होती की ती उत्तरे माझ्याखेरीज फार तर एकाच माणसाला ठाऊक असावीत, कुठल्याही कागदावर, फोनमध्ये किंवा समाजमाध्यमावर सापडू नयेत, आणि मी कितीही घाबरलेला, आजारी किंवा अर्धवट शुद्धीत असलो तरी मला ती आठवावीत. हा उपद्व्याप कशासाठी, असे मी विचारले तेव्हा सुरक्षा अधिकाऱ्यांनी, जे एक निवृत्त पोलीस अधिकारी होते, अगदी सहज सांगितले की तुम्हाला कोणी पळवून नेले तर ज्याच्याशी आम्ही बोलतो आहोत त्याच्याच ताब्यात तुम्ही आहात आणि जिवंत आहात, हे आम्हाला या उत्तरांवरून कळेल.

शेवटचा रकाना होता तो अपहरणकर्त्यांचा फोन घरी आला तर बोलणार कोण, याचा. मी अर्थातच बायकोचे नाव लिहिले. त्यांनी ते वाचले आणि विचारले, "रोज रात्री अडीच वाजता तुमचा रडण्याचा आवाज ऐकून, पैसे नाहीत असे सांगून, त्या फोन खाली ठेवू शकतील का?" मी ते नाव खोडून थोरल्या भावाचे लिहिले. अर्ज पाकिटात गेला, पाकिटावर चिकटपट्टी लागली, पट्टीवर आम्हा दोघांच्या आडव्या सह्या झाल्या आणि ते लोखंडी कपाटात बंद झाले. परदेशी नोकरीला निघालेली मंडळी मला अधूनमधून धोक्यांविषयी विचारतात. त्यांचे प्रश्न बहुधा चिलखती गाड्या आणि बंदूकधारी रक्षक यांच्याभोवती फिरतात. त्या रकान्याविषयी मात्र अजून कोणी विचारलेले नाही.

खंडणीसाठी केलेले अपहरण हा व्यवहार असतो आणि तो व्यवहाराच्याच नियमांनी चालतो, हे पचवायला जड जाते. माणूस पकडायला खर्च येतो, त्याला लपवून ठेवायला, खाऊ घालायला, पहारा द्यायला रोज खर्च येतो, दिवस वाढतील तसा पकडले जाण्याचा धोका वाढतो, आणि ओलीस मेला तर हातात काहीच उरत नाही. प्राचीन ग्रीक चरित्रकार प्लूटार्कने सांगितलेली तरुण जूलियस सीझरची गोष्ट प्रसिद्ध आहे. चाच्यांनी त्याच्यासाठी २० टॅलेंट (चांदी तोलायचे त्या काळचे मोठे वजन) मागितले तेव्हा तो हसला, आपण कोण आहोत हे तुम्हाला कळलेले दिसत नाही असे म्हणाला आणि स्वतःच आकडा ५०वर नेला. तो ३८ दिवसांनी सुटला आणि पुढे त्याने त्या चाच्यांना सुळावर चढवले, म्हणून गोष्ट शोभून दिसते. पण आज वाटाघाटींचा सल्ला देणारा कोणीही ती ऐकून कपाळावर हात मारून घेईल. ओलिसाने स्वतःची किंमत वाढवून सांगणे, कंपनी किती मोठी आहे हे बोलून जाणे किंवा माझे साहेब वाटेल तेवढे देतील असा दिलासा देणे म्हणजे स्वतःचाच मुक्काम लांबवणे.

एका सौद्यावरून पुढच्या सौद्याचा भाव कसा ठरतो, हे १९७०च्या दशकातल्या अर्जेंटिनात दिसले. डिसेंबर १९७३मध्ये एक्सॉन कंपनीच्या तेलशुद्धीकरण कारखान्यातला एक अमेरिकी व्यवस्थापक डाव्या गनिमांनी पळवला आणि पुढच्या वर्षी १ कोटी ४२ लाख डॉलर मोजल्यावर सोडला. १९७४च्या सप्टेंबरमध्ये दुसऱ्या एका गटाने बोर्न या उद्योगपती घराण्यातल्या दोघा भावांना पळवले आणि त्यांच्यापायी सुमारे ६ कोटी डॉलर वसूल केले. बाजार तापला की परदेशी कंपन्यांना आपली माणसे परत न्यावी लागतात आणि जी उरतात त्यांच्याभोवती भिंती उंच होत जातात. मग अपहरणकर्त्यांची नजर भिंतीबाहेरच्यांकडे वळते. त्यांच्याविषयी पुढे लिहिणार आहे.

या धंद्याच्या दुसऱ्या बाजूला विमा आहे. १९३२मध्ये अमेरिकेत वैमानिक चार्ल्स लिंडबर्ग यांचे तान्हे मूल पळवले गेले, ५० हजार डॉलर दिले गेले आणि मूल मेलेले सापडले. त्यानंतरच्या काळात लंडनच्या लॉइड्स बाजारात अपहरण आणि खंडणीचा विमा उतरवला जाऊ लागला. त्याची रचना समजून घेण्यासारखी आहे. विमा कंपनी खंडणी देत नाही. ती आधी मालकाने किंवा कुटुंबाने स्वतः उभी करायची असते, आणि विमा कंपनी नंतर भरपाई करते. त्यामुळे रक्कम जमवताना होणारी ओढाताण खरी असते आणि ती समोरच्याच्या कानावर जाते. असा विमा आहे ही गोष्ट गुप्त ठेवण्याची अट करारातच असते. ती फुटली तर विमा रद्द होऊ शकतो, आणि म्हणून ज्याच्या जिवाचा तो उतरवलेला आहे त्या कर्मचाऱ्यालाही पुष्कळदा त्याचा पत्ता नसतो. मला स्वतःला आजतागायत ठाऊक नाही की माझा होता की नव्हता. विम्याबरोबर मिळणारी खरी चीज म्हणजे अनुभवी सल्लागार. १९७५मध्ये लंडनमध्ये स्थापन झालेली कंट्रोल रिस्क्स ही या कामातली सर्वांत जुन्या नावांपैकी एक. हा सल्लागार स्वतः फोनवर बोलत नाही आणि निर्णयही घेत नाही. बोलणारा एक, ठरवणारा दुसरा आणि त्या दोघांच्या मधे बसून प्रत्येक संभाषणाची नोंद ठेवणारा तिसरा, अशी विभागणी तो करून देतो. बोलणाऱ्याला निर्णयाचा अधिकार नसावा हे मुद्दाम असते, कारण "मला विचारावे लागेल" हे वाक्य खोटे असेल तर ते आवाजात ओळखू येते.

आकडे कसे वाढवायचे याचे गणित मला त्या निवृत्त अधिकाऱ्यांनी चहाच्या कपाशेजारी कागदावर मांडून दाखवले होते. समजा समोरून हजार मागितले. पहिला देकार चाळीसचा, नंतर साठ, मग सत्तर, पंचाहत्तर, सत्त्याहत्तर आणि शेवटी सत्त्याहत्तर पूर्णांक काहीतरी, असा विचित्र अपूर्णांकातला. दर वेळची वाढ आधीच्या वाढीपेक्षा कमी आणि दोन देकारांमधले दिवस जास्त. पिळलेल्या फडक्यातून थेंब कमी होत जातात तसे ते दिसायला हवे, म्हणजे आणखी पिळण्यात अर्थ नाही हे समोरच्याला आपणहून कळते. याउलट घाबरलेल्या कुटुंबाने पहिल्याच आठवड्यात घर विकून मोठी रक्कम पुढे केली, तर अपहरणकर्ता ती पहिला हप्ता समजतो. कोलंबियात १९९४मध्ये पळवलेल्या एका अमेरिकी शेतीपत्रकाराच्या घरच्यांना दोनदा खंडणी भरावी लागली, तेव्हा अकरा महिन्यांनी तो सुटला.

इथवर जे लिहिले ते पैशासाठी पळवणाऱ्या टोळ्यांपुरते. अपहरण करणारा गट दहशतवादी म्हणून घोषित असेल तर चित्र पालटते. संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने जानेवारी २०१४मध्ये २१३३ क्रमांकाचा ठराव करून दहशतवाद्यांना खंडणीचा लाभ मिळू देऊ नये असे सर्व देशांना बजावले आणि ब्रिटनने २०१५च्या कायद्याने अशा खंडणीची भरपाई विमा कंपन्यांनी करण्यावर बंदी घातली. म्हणजे आपल्याला कोणी पळवले यावर आपली सुटका कायदेशीर ठरते की नाही हे अवलंबून, आणि ओलिसाला तर डोळ्यांवरच्या पट्टीमुळे ते कोण आहेत हेच कळलेले नसते. इटलीने १९९१मध्ये कायदा करून अपहृताच्या कुटुंबाची मालमत्ता गोठवण्याची तरतूद केली. पैसे मिळत राहिले तर अपहरणे होत राहतील, हे तत्त्व मला पटते. मात्र त्या पाकिटावर सही केलेला माणूस म्हणून प्रामाणिकपणे सांगायचे तर ते तत्त्व माझ्यावरच पहिल्यांदा लागू व्हावे असे मला कधी वाटले नाही.

झटपट अपहरणाचाही एक प्रकार लॅटिन अमेरिकेत रुजला आहे. गाडीत कोंबायचे, दोनचार एटीएमवर फिरवायचे आणि काही तासांत सोडून द्यायचे. याहून विलक्षण प्रकार म्हणजे कोणालाच न पळवता केलेले अपहरण. हॉटेलच्या खोलीत फोन येतो, बाहेर हत्यारबंद माणसे आहेत असे सांगून पाहुण्याला मोबाइल बंद करायला आणि गुपचूप दुसऱ्या हॉटेलात जायला लावले जाते, आणि तो संपर्काबाहेर गेला की घरच्यांकडे पैसे मागितले जातात. त्यावर उपाय एकच आणि फुकटचा आहे, तो म्हणजे घरातल्यांशी आधी ठरवलेला परवलीचा शब्द आणि फोन बंद करायला सांगणाऱ्याचा फोन आपण बंद करणे.

सगळ्यांत जास्त काही करता येण्यासारखा काळ आहे तो अपहरणाच्या आधीचा. टोळी निवड करताना पाळत ठेवते, अनेकांवर ठेवते, आणि ज्याची वेळ आणि वाट घड्याळासारखी असते त्याला उचलते. घराचे फाटक आणि कामाच्या जागेचे फाटक या दोन जागा कोणालाच टाळता येत नाहीत, म्हणून धोका तिथे एकवटतो, विशेषतः सकाळी. उरुग्वेतले ब्रिटिश राजदूत जेफ्री जॅक्सन यांना १९७०च्या अखेरीस आपल्या घरासमोरच्या बागेत तरुण जोडप्यांची वर्दळ वाढलेली जाणवली होती आणि हा योगायोग नसावा हे त्यांनी ओळखले होते. आपल्याला पळवले तर बदल्यात काही देऊ नये असे त्यांनी आपल्या सरकारला आधीच सुचवून ठेवले होते. ८ जानेवारी १९७१ला तुपामारो या तिथल्या डाव्या गनिमी गटाने त्यांना भर रस्त्यात गाडी अडवून नेले आणि आठ महिने ठेवले. पाळत ओळखता येणे आणि तिच्यावर वेळेत काही करता येणे यांत किती अंतर असते, ते इथे दिसते. त्यामुळे संशय आला की तो लिहून, वेळ आणि गाडीच्या क्रमांकासह, दुसऱ्या कोणाकडे तरी त्याच दिवशी पोचवायचा, आणि शक्य असेल तर काही दिवस तिथून हलायचे, असे आम्हाला शिकवले गेले. हलल्यामुळे आपण भित्रे ठरू ही भीती बहुतेकांना आड येते, मलाही आली होती.

वाट बदला हा सल्ला सर्वत्र दिला जातो आणि तो अर्धवट आहे. वर ज्या शेतीपत्रकाराचा उल्लेख आला, तो काली शहराजवळच्या आंतरराष्ट्रीय शेती संशोधन केंद्रात नोकरीला होता आणि ज्या सकाळी तो पकडला गेला, त्या सकाळी त्याने नेहमीचा रस्ता सोडून दुसरा धरला होता. त्या रस्त्यावर फार्क या कोलंबियातल्या डाव्या बंडखोर संघटनेच्या गनिमांनी नाका लावला होता. बदल हवा तो वेळेत, आणि रस्त्यात हवा असेल तर आदल्या दिवशी पारखून घेतलेल्या दोनतीन रस्त्यांपुरताच. मी ज्या ड्रायव्हरबरोबर जात असे तो निघण्यापूर्वी नेहमी पुढच्या गावातल्या एका फळवाल्याला फोन करून रस्त्याची खबर घेई. आमच्या नियंत्रण कक्षातल्या भिंतीएवढ्या नकाशापेक्षा त्या फळवाल्यावर माझा अधिक भरवसा होता.

दारात येणाऱ्यांचेही तसेच. डिसेंबर १९८१मध्ये इटलीतल्या व्हेरोना शहरात अमेरिकी सेनाधिकारी जेम्स डोझियर यांच्या घराची घंटा वाजली, खालच्या मजल्यावर पाणी गळते आहे असे सांगत प्लंबरच्या वेशात माणसे आत आली आणि ४२ दिवस डोझियर रेड ब्रिगेड्स या तिथल्या डाव्या दहशतवादी गटाच्या ताब्यात तंबूत कोंडून राहिले. इटालियन पोलिसांनी एकही गोळी न झाडता त्यांना सोडवले, पण सगळ्या सुटका अशा होत नाहीत. येमेनमध्ये डिसेंबर २०१४मध्ये अमेरिकी सैनिकांनी एका अमेरिकी ओलिसासाठी छापा घातला, त्यात तो आणि त्याच्याबरोबरचा एक दक्षिण आफ्रिकी शिक्षक असे दोघेही दगावले. त्या शिक्षकाची सुटका एका मदतसंस्थेने वाटाघाटींतून ठरवली होती आणि तो दुसऱ्याच दिवशी बाहेर येणार होता. सुटकेच्या प्रयत्नात ओलिसाने काय करायचे याचा सराव म्हणूनच घेतात. जमिनीवर पालथे पडायचे, हात पसरून रिकामे दिसू द्यायचे, कोणाकडेही धावायचे नाही, आणि सैनिकांनी आपल्यालाही बांधले तर वाद घालायचा नाही, कारण त्या क्षणी त्यांना आपण आणि अपहरणकर्ते यांतला फरक कळत नसतो.

आमच्या दोन दिवसांच्या प्रशिक्षणात डोक्यावर जाड कापडी पिशवी घालून, मनगटांना प्लॅस्टिकची पट्टी आवळून, भिंतीकडे तोंड करून बसवण्याचा एक भाग होता. मला सगळे खोटे आहे हे माहीत होते. तरीही पिशवीतला श्वास गरम होऊन परत तोंडावर यायला लागला, नाकाशी सुतळीचा धागा चिकटला, आणि बाहेर कोणीतरी बुटाने खडी तुडवत येई आणि काही न बोलता निघून जाई, तेव्हा मी सेकंद मोजायचे ठरवूनही दोनशेच्या पुढे मोजू शकलो नाही. पिशवी काढल्यावर त्यांनी विचारले, किती वेळ झाला असेल. मी म्हटले, दोन तास. पस्तीस मिनिटे झाली होती. पहिल्या काही मिनिटांत झटापट करू नये, त्या वेळी पकडणाराही घाबरलेला असतो आणि त्याचे बोट चापावर असते, हे तिथे पुस्तकी वाटले नाही. पुढच्या दिवसांसाठी सांगितलेल्या गोष्टी साध्या होत्या. मिळेल ते खावे, रोज अंग हलवावे, दिवस मोजण्याची काही खूण ठेवावी, पहारेकऱ्याला आपले नाव घेण्याची सवय लावावी, राजकारण आणि धर्म यांवर बोलू नये. कोलंबियातल्या त्या पत्रकाराने चेकबुकाच्या कोऱ्या पानांवर रोजनिशी लिहिली होती.

आता भिंतीबाहेरच्यांविषयी. हे सगळे प्रशिक्षण आम्हा बत्तीस जणांना मिळाले. आमचे ड्रायव्हर, उपकंत्राटदाराचे जोडारी आणि मुकादम यांना मिळाले नाही, आणि त्यांची पाकिटेही कपाटात नव्हती. मी विचारले तेव्हा ते आमच्या पटावर नाहीत असे उत्तर मिळाले. अपहरणकर्ता पट बघत नाही. पश्चिम आफ्रिकेजवळच्या गिनीच्या आखातात तर तो कप्तान आणि खलाशी असाही फारसा भेद करत नाही. आंतरराष्ट्रीय सागरी ब्यूरोच्या नोंदींनुसार २०२०मध्ये जगभरात जहाजांवरून पळवलेल्या १३५ खलाशांपैकी १३० त्या एकाच आखातातले होते. तिथल्या टोळ्या जहाज सोडून माणसे नेतात आणि सहसा काही आठवड्यांत सौदा संपवतात. सोमालियातले चाचे जहाजच किनाऱ्याला नेऊन उभे करत आणि त्यांचा हिशेब महिन्यांचा असे, मालक दिवाळखोर किंवा बेफिकीर निघाला तर वर्षांचा. आइसबर्ग १ हे जहाज मार्च २०१०मध्ये धरले गेले आणि त्यावरचे उरलेले खलाशी डिसेंबर २०१२मध्ये सुटले. अ‍ॅस्फाल्ट व्हेंचरची कथा याहून वाईट आहे. सप्टेंबर २०१०मध्ये धरलेल्या या जहाजाची खंडणी भरली गेली, एप्रिल २०११मध्ये जहाज सुटले, परंतु पंधरा भारतीय खलाशांपैकी सात जणांना चाच्यांनी ठेवून घेतले, कारण त्यांचे साथीदार भारताच्या तुरुंगात होते. ते सात जण ऑक्टोबर २०१४मध्ये बाहेर आले.

अलीकडे तर ओलीस स्वतःच्या पायांनी, हातात नेमणूकपत्र घेऊन जातो. थायलंडमध्ये संगणकावरची नोकरी आहे म्हणून बोलावलेल्या तरुणांना सीमेपलीकडे म्यानमारच्या म्यावाडी भागात नेऊन कुंपणाआड ऑनलाइन फसवणुकीच्या कामाला जुंपतात, पासपोर्ट काढून घेतात आणि सुटायचे तर घरून पैसे मागव असे सांगतात. मार्च २०२५मध्ये थायलंडमधून दोन दिवसांत २८३ आणि २६६ भारतीयांना हवाई दलाच्या विमानांनी परत आणले गेले. तिथे ना सल्लागार होता ना विमा, आणि पुष्कळांच्या घरच्यांना तर ही खंडणी आहे हेच उशिरा उमगले.

म्हणून करारावर सही करण्यापूर्वी विचारायचे प्रश्न मला चिलखती गाडीपेक्षा महत्त्वाचे वाटतात. मला पळवले तर पगार चालू राहील का आणि तो कोणाच्या खात्यात जाईल? माझा मालक नेमका कोण, मनुष्यबळ पुरवणारी संस्था, उपकंत्राटदार की मुख्य कंपनी, आणि घरच्यांनी रात्री कोणाला फोन करायचा? पासपोर्ट माझ्याजवळ राहील का? विमानतळावर घ्यायला येणाऱ्या माणसाचे नाव आणि छायाचित्र मला आधी मिळेल का, की माझे नाव लिहिलेली पाटी धरून कोणीही उभे राहू शकेल? विमा आहे का, हे विचारण्यात अर्थ नाही, त्याचे उत्तर द्यायचे नसते. अपहरणाच्या प्रसंगासाठी लिखित योजना आहे का, हे मात्र विचारता येते, आणि उत्तर देणाऱ्याच्या चेहऱ्यावरून बरेच कळते.

करार संपला तेव्हा ते पाकीट मला परत देण्यात आले. चिकटपट्टी पिवळी पडली होती, सह्या मात्र शाबूत होत्या. घरी येऊन मी आणि दादाने ते उघडले. पहिल्या प्रश्नाचे उत्तर होते, लहानपणी आम्ही दोघांनी शेजारच्या लंगड्या कुत्र्याला ठेवलेले आणि इतर कोणालाही न सांगितलेले नाव. दादाने ते वाचले, माझ्याकडे पाहिले आणि आठवण करून दिली की तिसऱ्या वर्षी सुट्टीवर असताना मी त्या कुत्र्यावर एक लेख लिहिला होता, नावासकट, आणि तो त्यानेच चाळीसएक जणांना पाठवला होता.